किक बॉलच्या वादात फिबाची नियमावली किती कामाला येते?

बास्केटबॉलमध्ये बॉल मुद्दाम पायाने मारणं किंवा अडवणं म्हणजे किक बॉल. कॉलेजच्या मॅचमध्ये बाऊन्स पास डिफेंडरच्या नडगीला लागला की एका बाकावरून 'पाय! पाय!' अशी ओरड होते आणि दुसऱ्या बाकावरून 'लागला, मारला नाही!' असं उत्तर येतं. हा वाद मिटवायचा तर पंचाच्या हातात दोन पीडीएफ असतात. पहिली फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, अधिकृत नियमावली. तिची २०२४ ची आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. दुसरी त्याच नियमांच्या अर्थनिर्णयाची. तिच्यात नियमाचं विधान, त्याखाली 'ए-१ ने असं केलं, बी-२ ने तसं केलं' अशा थाटाचं उदाहरण आणि मग निकाल अशी मांडणी आहे. दोन्ही फिबाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या स्पर्धा याच नियमांनी चालतात, त्यामुळे महाराष्ट्रातल्या शालेय, विद्यापीठ आणि क्लब मॅचनाही हीच पुस्तकं लागू पडतात.

इथे दोन्ही पुस्तकं एकाच कसोटीवर घासून पाहिली आहेत: पाय आणि बॉल यांचा संबंध आला तर पंचाने काय करायचं, हे त्यांतून कळतं का? पुढे काय करायचं ते उत्तम कळतं. शिटी मारायची की नाही ते मात्र अर्धंच कळतं.

मूळ नियम कलम १३ मध्ये आहे आणि तो जेमतेम चार ओळींचा. बॉल फक्त हातांनी खेळायचा. खेळाडूने बॉल घेऊन पळायचं नाही, मुठीने मारायचा नाही, मुद्दाम लाथ मारायची नाही किंवा पायाच्या कुठल्याही भागाने मुद्दाम अडवायचा नाही. लगेच पुढच्या वाक्यात म्हटलंय की पायाच्या कुठल्याही भागाला बॉल चुकून लागला, तर ते व्हायोलेशन, म्हणजे फाऊलखेरीजचा नियमभंग, नाही. चार ओळींत तीन गोष्टी पक्क्या होतात. एक, 'पाय' म्हणजे नुसतं पाऊल नव्हे. गुडघा आणि मांडीही त्यात आली. दोन, लाथच मारायला हवी असं नाही, पाय आडवा घालून अडवणंही तितकंच चूक. तीन, सगळं 'मुद्दाम' या एका शब्दावर टांगलेलं आहे.

आणि या शब्दाची व्याख्या नियमावलीत नाही. इतर ठिकाणी सेंटीमीटर आणि दशांश सेकंदापर्यंत जाणारं पुस्तक इथे हात आखडता घेतं. हेतू मोजता येत नाही, त्यामुळे व्याख्या नसणं एक वेळ समजू शकतं. पण हेतू ओळखायच्या खुणा दोन ओळींत सांगता आल्या असत्या.

अर्थनिर्णयाच्या पुस्तकात कलम १३ खाली दिलेली उदाहरणं बरोबर आहेत, पण नेमकी तीच आहेत ज्यांवर मैदानात फारसं भांडण होत नाही. ड्रिबल संपवून बॉल दोन पायांत धरायचा आणि पास किंवा शॉटची हूल द्यायची, हे व्हायोलेशन. फास्ट ब्रेकमध्ये येणारा पास मुद्दाम डोक्याने घेणं, हेही व्हायोलेशन. सहकाऱ्याला उचलून त्याच्याकरवी डंक मारणं चालत नाही. पहिलं उदाहरण शाळकरी मुलांच्या हौशी करामतींसाठी उपयोगी आहे, कारण त्यात लाथ कुठेच नसते आणि तरीही शिटी बसते. पण रोज घडणारा प्रकार, म्हणजे बचावात सरकणाऱ्या खेळाडूचा पाय पासच्या वाटेत येणं, तो इथे सापडत नाही.

एनबीएच्या नियमपुस्तकात, दहाव्या नियमाच्या 'बॉलवर प्रहार' या भागात, एक वाक्य जास्त आहे: पायाच्या कुठल्याही भागाने बॉल मुद्दाम हलवायचा किंवा ताब्यात ठेवायचा नाही. जमिनीवर पडलेल्या खेळाडूने गुडघ्याखाली बॉल दाबून धरला तर त्याला लाथ म्हणावं की अडवणं, असा प्रश्न फिबाच्या पंचाला पडतो. एनबीएचं वाक्य तो प्रश्न निकालात काढतं. फिबानेही ते वाक्य घ्यायला हवं होतं. शिवाय एनबीएने नियमानुसार लावलेल्या क्लिपांचं व्हिडिओ रूलबुक ठेवलं आहे, आणि हेतूचा निवाडा शिकायला वाचण्यापेक्षा पाहणं केव्हाही बरं. मात्र एनबीएतून फक्त डोळा तयार करावा, निकाल उचलू नये. तिथे किकनंतरचा थ्रो-इन (बॉल रेषेबाहेरून आत टाकणं) बाजूच्या रेषेवरून आणि फ्री थ्रो रेषेच्या समांतर जागेपेक्षा बेसलाइनच्या जवळ नाही, असा हिशेब असतो. टीव्हीवर पाहिलेला हा हिशेब आपल्याकडे कोच हमखास पुढे करतात. फिबाच्या मॅचमध्ये तो चालत नाही.

(जाता जाता: जेम्स नेस्मिथने स्प्रिंगफील्डमध्ये १८९१ साली लिहिलेल्या मूळ १३ नियमांत मुठीची मनाई आहे, बॉल घेऊन पळण्याचीही आहे, पायाने बॉल मारण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.)

आता पुस्तक जिथे गप्प आहे, तिथे अनुभवी पंच काय पाहतात ते सांगतो.

पास सुटण्याआधी पाय कुठे होता, हे पहिलं. डिफेंडर आधीच रुंद उभा असेल आणि बॉल येऊन त्याच्या नडगीवर आदळला, तर त्याने काहीच केलेलं नाही. रुंद उभं राहिल्यामुळे पासची वाट अडली हे खरं, पण ते मुद्दाम अडवणं होत नाही. पास सुटल्यानंतर पाय हलला असेल, तरच पुढचे प्रश्न विचारायचे.

मग दिशा. पाय माणसाकडे गेला की बॉलकडे? ड्रिबल करणारा उजवीकडे निघाला आणि डिफेंडरने त्याच दिशेला सरकताना टाकलेलं पाऊल बॉलवर पडलं, तर ती बचावाची स्वाभाविक हालचाल झाली. तोच डिफेंडर जागेवर राहून एकच पाय कंबरेच्या बाहेर, पासच्या रेषेत फेकतो आणि दुसरा पाय रोवलेलाच ठेवतो, तेव्हा ती हालचाल धावण्यासाठी नसते. सरकताना दोन्ही पाय कामाला लागतात, वजन एकावरून दुसऱ्यावर जातं. अडवताना वजन मागेच राहतं आणि एक पाय झाडून बाहेर येतो. ही सगळ्यांत भरवशाची खूण, आणि ती पाहायची तर नजर बॉलवर खिळवून चालत नाही. बॉलचा पाठलाग करणाऱ्या पंचाला फक्त आदळणं दिसतं. त्याआधीच्या अर्ध्या सेकंदातला पाय दिसत नाही. म्हणून हा निवाडा बहुतेक वेळा त्या डिफेंडरवर आधीपासून नजर ठेवलेल्या पंचाचा असतो. दुसऱ्या टोकाच्या पंचाने केवळ आवाज ऐकून शिटी फुंकू नये.

तिसरं अंतर. एका मीटरवरून मारलेला जोरदार बाऊन्स पास पायाला लागला तर तिथे विचार करायला वेळच नसतो. चार-पाच मीटरवरून येणाऱ्या संथ पासला पाय लावला, तर वेळ भरपूर होता. अर्थात अंतर एकटं पुरत नाही; जवळच्या पासवरही काही डिफेंडर सवयीने गुडघा आत दाबतात, आणि सवयीने केलेलं ते मुद्दामच.

बॉल लागल्यानंतर खेळाडूने पाय झटकन मागे घेतला, हात वर केले, चेहरा निरागस केला, याला काही किंमत देऊ नये. ते शिकवून येतं.

आणि फायदा कोणाला झाला हा प्रश्न विचारायचाच नाही. 'पायाला लागून बॉल त्यांनाच मिळाला, मग व्हायोलेशन का नाही?' ही तक्रार सर्वात जास्त वेळा ऐकू येते आणि तिला कलम १३ मध्ये कसलाच आधार नाही. चुकून लागलेला बॉल डिफेंडरच्या हातात जाऊन पलीकडे ले-अप झाला, तरी खेळ चालूच.

एक प्रसंग मात्र नीट वेगळा काढावा लागतो. डिफेंडर पाय बाहेर फेकतो आणि बॉलआधी समोरच्याच्या गुडघ्याला भिडतो. हा किक बॉल नाही, फाऊल आहे. स्वतःच्या सिलिंडरबाहेर, म्हणजे शरीराभोवतीच्या हक्काच्या जागेबाहेर, गेलेल्या पायाने संपर्क झाला. यातला फरक कागदावर मोठा आहे, कारण फाऊल खेळाडूच्या आणि संघाच्या नावावर चढतो आणि क्वार्टरमधली संघाची मर्यादा भरली असेल तर दोन फ्री थ्रो मिळतात. किक बॉल कोणाच्याच नावावर लिहिला जात नाही. काही पंच वाद नको म्हणून अशा वेळी 'किक' देऊन मोकळे होतात. हे सौम्य वाटतं, पण चूक आहे.

निवाडा झाल्यावर पुढे काय, इथे फिबाची नियमावली चोख आहे. फक्त सगळं विखुरलेलं आहे: व्हायोलेशन कलम १३ मध्ये, शॉट क्लॉक (शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या सेकंदांचं घड्याळ) २९ आणि ५० मध्ये, अ‍ॅरो (पुढचा ताबा कोणाचा हे दाखवणारा बाण) १२ मध्ये, ड्रिबल २४ मध्ये, बॅककोर्ट (स्वतःच्या बास्केटकडचं अर्धं मैदान) ३० मध्ये, खूण पहिल्या परिशिष्टात. एका शिटीसाठी सात ठिकाणी पानं उलटायची. नव्या पंचांची दमछाक इथेच होते.

शॉट क्लॉकपासून सुरुवात करू, कारण खरी किंमत तिथे मोजली जाते. बचाव करणाऱ्या संघाने मुद्दाम किक केली आणि आक्रमक संघाला थ्रो-इन त्याच्या फ्रंटकोर्टमधून (समोरच्यांच्या बास्केटकडच्या अर्ध्या मैदानातून) मिळाला, तर घड्याळावर १४ किंवा जास्त सेकंद असल्यास आकडा तसाच राहतो. १३ किंवा कमी असल्यास १४ लावायचे. थ्रो-इन बॅककोर्टमधून असेल तर नवे २४, आणि त्याबरोबर बॉल पुढे नेण्यासाठी नवे ८ सेकंदही. आक्रमक संघानेच किक केली तर बॉल समोरच्यांना जातो: त्यांच्या बॅककोर्टमध्ये थ्रो-इन असेल तर २४, फ्रंटकोर्टमध्ये असेल तर १४.

आता हेच चुकून लागण्याशी ताडून पाहा. शॉट क्लॉकवर ३ सेकंद आहेत, आक्रमक संघाचा पास डिफेंडरच्या पायाला लागून बाहेर जातो. मुद्दाम असेल तर १४ सेकंद, चुकून असेल तर तेच ३. कलम २९ मध्ये व्हायोलेशनबद्दल बोलताना बॉल बाहेर जाण्याचा प्रकार स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. म्हणजे पंचाच्या एका मतावर ११ सेकंद अवलंबून असतात. म्हणूनच शॉट क्लॉक संपत आला की आक्रमक संघ डिफेंडरच्या पायांवर मुद्दाम बॉल आपटतो आणि 'किक' मागतो. हा डाव ओळखावा. पास कोणाकडे चालला होता, तिथे त्यांचा माणूस तरी होता का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

बॉल चुकून लागून मैदानातच राहिला तर शॉट क्लॉक थांबवायचाही नाही आणि नव्याने लावायचाही नाही. बचाव करणाऱ्याने बॉलला स्पर्श केला म्हणजे त्याचा ताबा आला असं होत नाही. टेबलवरची नेहमीची चूक हीच: ऑपरेटर पाय लागलेला पाहतो, शिटीची वाट न बघता बोट रीसेटवर जातं, आणि खेळ चालूच राहतो. मग आधीचा आकडा कोणालाच आठवत नाही. ऑपरेटरची शिस्त साधी आहे. शिटी झाली की घड्याळ थांबवायचं, पडद्यावर दिसणारा आकडा कागदावर टिपायचा, आणि पंचाने पायाकडे बोट दाखवून मग शॉट क्लॉकची खूण करेपर्यंत, म्हणजे तर्जनी ताठ करून हात फिरवेपर्यंत, रीसेटला हात लावायचा नाही. जिथे शॉट क्लॉकचं यंत्र नाही आणि स्टॉपवॉच घेऊन एक मुलगा बसवलेला असतो, तिथे तर आकडा टिपणं हाच एकमेव आधार.

थ्रो-इनच्या वेळची किक हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि मॅचमध्ये शेवटच्या सेकंदात येतो. आळीपाळीच्या ताब्याचा, म्हणजे अ‍ॅरोचा, थ्रो-इन चालू आहे आणि आत येणारा बॉल डिफेंडरने मुद्दाम पायाने अडवला. नियमाची मेख 'कायदेशीर स्पर्श' या शब्दांत आहे. मुद्दाम केलेली किक कायदेशीर स्पर्श नाही, म्हणून अ‍ॅरोचा थ्रो-इन संपलेलाच नसतो. त्याच संघाला किकबद्दल पुन्हा थ्रो-इन मिळतो आणि अ‍ॅरो फिरवला जात नाही. पुढच्या जंप बॉलचा हक्कही त्यांच्याकडेच. स्कोअरर हातासरशी अ‍ॅरो फिरवून बसला असेल तर पंचाने तो परत फिरवून घ्यावा. तीच गोष्ट मॅचच्या घड्याळाची. थ्रो-इननंतर ते कायदेशीर स्पर्शावर सुरू होतं, त्यामुळे अशा किकवर एक दशांश सेकंदही जाता कामा नये. टायमरचं बटण दाबलं गेलं असेल तर वेळ दुरुस्त करायची.

याउलट चुकून पायाला लागणं हा कायदेशीर स्पर्श आहे आणि त्याचे परिणाम होतात. घड्याळ सुरू होतं, अ‍ॅरोचा थ्रो-इन संपतो. ड्रिबल थांबवून उभ्या असलेल्या खेळाडूच्या हातातला बॉल समोरच्याच्या पायाला लागून सुटला, तर त्याला पुन्हा ड्रिबल करता येतं. प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झालेला आहे, मग तो हाताचा असो वा पायाचा. फ्रंटकोर्टमधून बॉल डिफेंडरच्या पायाला लागून बॅककोर्टमध्ये गेला, तर आक्रमक संघ तो बिनधास्त उचलू शकतो. ड्रिबल करताना बॉल स्वतःच्याच पावलावर आपटून पुढे गेला, तर ड्रिबल संपलेलं नसतं; पळत जाऊन पुन्हा थापायला हरकत नाही. या शेवटच्या प्रकारावर आपल्याकडे 'डबल ड्रिबल' आणि 'किक' अशा दोन्ही शिट्या ऐकू येतात. दोन्ही चुकीच्या.

बचाव करणाऱ्याच्या पायाला चुकून लागून बॉल त्याच्याच बास्केटमध्ये गेला, तर? दोन गुण समोरच्या संघाला, आणि स्कोअरशीटवर ते मैदानावरच्या त्यांच्या कर्णधाराच्या नावे लिहायचे. क्वचित घडतं, पण घडल्यावर टेबलवर हमखास गोंधळ होतो.

खेळ थांबलेला असताना रागाने बॉलला लाथ घालणं हे प्रकरण कलम १३ चं नाही. तिथे बॉल खेळात नसतो, म्हणून व्हायोलेशन होऊच शकत नाही. वागणूक पाहून ताकीद किंवा टेक्निकल फाऊल, असा मार्ग कलम ३६ मधून जातो. नवे पंच इथे पायाकडे बोट दाखवतात आणि पुढे बॉल कोणाला द्यायचा यात अडकतात.

मोठ्या मॅचमध्ये रीप्लेची सोय असेल तरी 'मुद्दाम होती का' हे त्यात तपासता येत नाही. रीप्लेच्या परिशिष्टात दिलेल्या प्रसंगांत किक नाही. बॉल कोणाला लागून बाहेर गेला हे ठरावीक प्रसंगी पाहता येतं, बस. त्यामुळे हा निवाडा शिटीच्या क्षणीच करायचा असतो.

गुण द्यायचेच तर परिणामांच्या बाबतीत नियमावलीला पाचपैकी साडेचार, हेतूच्या बाबतीत दोन. अर्थनिर्णयाच्या पुस्तकाला तीन, तेही बहुतांशी अ‍ॅरो आणि शॉट क्लॉकच्या उदाहरणांमुळे. भाषा कोरडी आहे, पण वाक्यं छोटी आहेत आणि एकच संज्ञा सगळीकडे एकाच अर्थाने येते, हे फार मोलाचं. मोबाइलवर वाचताना 'शोधा'मध्ये किकसाठीचा इंग्रजी शब्द टाकला की विखुरलेली बरीचशी कलमं एकामागून एक सापडतात. छापील प्रतीत ही सोय नाही. टेबलसाठी मात्र कागदच बरा. कलम १२, १३, २९, ५० आणि खुणांची पानं एवढीच छापून क्लिपबोर्डला लावली तरी किक बॉलचं बहुतेक काम भागतं.

खेळसाहित्याच्या दुकानांत नियमांच्या पातळ छापील पुस्तिकाही मिळतात. त्यांतली एखादी घ्यायची झाली तर पैसे देण्याआधी कलम २९ उघडून पाहा. १४ सेकंदांचा नियम २०१० मध्ये आला. त्या पानावर १४ हा आकडाच नसेल, तर पुस्तिका त्याच्याही आधीची आहे. ती दुकानदाराला परत द्या आणि पीडीएफ उतरवून घ्या.